सामूहिक वनहक्काचा दावा कसा टाकायचा, आणि मग जंगल राखायचं कसं

दर होळीला पाड्यावर गेलं की कोणी ना कोणी विचारतंच, ताई तो सामूहिकचा फॉर्म कुठे मिळतो. फॉर्मचं काय एवढं, तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे पण मिळून जातो. आमचा दावा दोनदा अडकला आणि दोन्ही वेळेस फॉर्ममुळे नाही, एकदा हजेरीच्या सह्यांमुळे आणि एकदा शेजारच्या पाड्यामुळे. म्हणून मी सगळ्यांना उलट्या बाजूने सांगते, आधी शेजारी, मग म्हातारी माणसं, मग बाया, मग सभा, आणि फॉर्म एकदम शेवटी. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक, इगतपुरी, दिंडोरी, बागलाण, नाशिक जिल्ह्याच्या ह्या पट्ट्यातल्या कुठल्याही पाड्याला उपयोगी पडेल असं लिहितेय. आम्ही कोकणा, पण महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, कातकरी कोणीही असा, रस्ता तोच.

कायदा थोडक्यात सांगून टाकते कारण सभेत कोणीतरी विचारणारच. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे, आणि २०१२ ला नियमात मोठी दुरुस्ती झाली, ती आपल्या बाजूची आहे त्यामुळे कोणी जुनी पुस्तिका दाखवली तर आधी साल बघा. फॉर्म अ म्हणजे ज्याची त्याची कसणारी जमीन, २०१८ च्या मार्चमध्ये आपल्याकडची हजारो माणसं नाशिकहून मुंबईला पायी गेली, पायाच्या सालपटी निघाल्या, त्यातली मोठी मागणी हीच होती. फॉर्म ब म्हणजे गावाचे वापराचे हक्क, चराई, मोहफुलं, मध, बांबू, मासे, पाणी. आणि फॉर्म क म्हणजे कलम ३ (१) (आय), अख्खं जंगल राखायचा, वाढवायचा आणि त्याचा कारभार करायचा हक्क. ब आणि क सोबतच टाका, वेगवेगळे टाकले तर तीच धावपळ दोनदा होते.

अजून एक, मालकी मिळत नाही हे पहिल्याच सभेत स्पष्ट बोला. जंगल विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही, कोणा एकाच्या नावावर होणार नाही. हे आधी नाही सांगितलं तर चार पोरं मनातल्या मनात प्लॉट पाडून मोकळी होतात. आणि हे नुसतं कागदावरचं पण नाहीये, गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये साधारण १८०० हेक्टरचा हक्क मिळाला, २०११ ला बांबूच्या वाहतूक पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं आणि बांबूची विक्री गावाने स्वतः केली.

आता शेजारी. आम्ही पहिला नकाशा काढला तेव्हा ओहळाच्या पलीकडचा तुकडा पण आमच्यात धरला, का तर आमची गुरं तिकडे जातात. त्यांची पण जातात हे सगळ्या जगाला माहिती, निम्म्या बायांचं माहेर तिकडचं. पण विचारलं नाही ना कोणी. त्यांना ते बाजारच्या दिवशी कळलं, चहाच्या टपरीवर, दुसऱ्याच माणसाकडून, आणि मग दोन महिने बोलणं बंद, एका लग्नाला जाणंयेणं पण थांबलं. शेवटी दोन्हीकडचे म्हातारे ओहळातल्या आंब्याखाली बसले आणि तासाभरात मिटलं, कारण त्यांचं आधीपासून ठरलेलंच होतं, पाणी दोघांचं, चराई दोघांची, लाकूड ज्याच्या त्याच्या बाजूचं. आम्ही शिकलेल्यांनीच त्यांना विचारलं नव्हतं. तर असं करा, काहीही करायच्या आधी चारी बाजूच्या पाड्यांना निरोप द्या आणि हद्दीवर जाऊन बसा, ऑफिसात नाही. नियमातच आहे की एकच जंगल दोन गावं वापरत असतील तर दोन्हीकडच्या ग्रामसभांनी निवडलेल्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं आणि जे ठरेल ते लेखी आपापल्या ग्रामसभेला द्यायचं, नाहीच जमलं तरच विषय प्रांताच्या समितीकडे जातो. फॉर्म क मध्ये पण एक रकाना शेजारच्या गावांचाच आहे, कोणासोबत काय वाटून वापरता ते लिहायला. बरेच जण तो मोकळा सोडतात आणि मग आक्षेप तिथूनच येतो.

हद्द म्हाताऱ्यांसोबत चालायची. मोबाईलवर घरी बसून नकाशा काढायचा मोह होतो, मलाही झालेला, रेष कशी सुंदर येते. पण आमच्या शेजारचा आजा, ऐंशीच्या पुढचा, डोळ्याला धड दिसत नाही, त्याने पहिल्या दिवशीच ती रेष मोडीत काढली. चढावर तो थांबला, पायानेच पालापाचोळा बाजूला केला तर खाली शेंदूर उडालेला दगड, वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. वाघबारशीला गुराखी इथे नारळ फोडायचे म्हणाला, आता खालच्या रस्त्यावर फोडतात, गाडी जाते म्हणून. मी विचारलं बाबा हद्द कुठून जाते, तर म्हणाला, "पाणी इकडं आलं का आपलं, तिकडं गेलं का त्यांचं." बस, एवढंच. धारेवरून चालत गेलो आणि मोबाईलवरची रेष किमान दोन खाचरं सरकली.

हे चालणं एका दिवसात उरकू नका. तीन-चार दिवस धरा, थंडीत, गवत वाळलेलं असतं आणि लांबचं दिसतं. सोबत एक जण जीपीएसचं ॲप चालू ठेवून, एक जण वही घेऊन, एक जण फोटोला, आणि शेजारच्या पाड्याचा निदान एक माणूस हवाच. प्रत्येक ठिकाणी थांबून नाव लिहा, गावातलं नाव, कागदावरचं नाही. टेपाडाचं नाव, ओहळाचं, झिऱ्याचं, डोंगऱ्या देवाला मार्गशीर्षात माणसं जातात ती कपार, गावदेव, म्हसोबा, जुनी गावठाणाची जोती, मसणवट, गुरं बसायची आखर. ह्यातल्या निम्म्या गोष्टी नियम १३ मध्ये पुरावा म्हणून चालतात, देवराई, पवित्र झाडं, तळी, दफनभूमी, चराईच्या जागा, कंदमुळं-रानभाज्या गोळा करायच्या जागा, पाण्याचे स्रोत, सगळं. म्हणजे आपण ज्याला पुरावा समजत नाही तोच पुरावा.

बायांचा नकाशा वेगळा काढायचा, आणि पुरुष तिथे नसताना. हे मला कोणी शिकवलं नाही, एकदा अंगणात बसलेलो तेव्हा आपोआप झालं. शेणाने सारवलेल्या अंगणात मावशीने राखेने ओहळ काढला, नागलीच्या कोंड्याचे डोंगर, आंब्याची पानं ठेवली तिथे पाणी. पुरुषांच्या नकाशात सहा पाणवठे होते, ह्यांच्यात अकरा, कारण मे महिन्यात रात्री तीनला उठून कुठल्या झिऱ्याला वाटीवाटीने पाणी भरता येतं हे त्यांनाच माहिती. रानभाज्यांतली शेवळं कुठे येतात, चाई कुठे, कुर्डू कुठे, सरपणाला कुठल्या बाजूचं झुडूप घ्यायचं आणि कुठल्या बाजूला एकटं जायचं नाही, सगळं त्या अंगणात आलं. फोटो काढा, वर स्टुलावर उभं राहून, आणि मग दोन्ही नकाशे एकावर एक घालून एकच करा. गुरं आली आणि आमचा निम्मा डोंगर खाऊन गेली म्हणून सांगते, फोटो लगेच काढा.

आता सभा, आणि इथेच आमची फाईल पहिल्यांदा परत आली. वनहक्काच्या सभेला सगळ्या प्रौढ सभासदांपैकी निम्मे तरी हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. गावात २०० प्रौढ असतील तर १०० माणसं, त्यात ३४ बाया तरी. आम्ही घेतली ऑक्टोबरला. अर्धा पाडा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या छाटणीला गेलेला! सह्या आल्या ६०-७०, बाकीच्यांचे अंगठे कोणीतरी नंतर घरोघरी जाऊन घेतले, एकाच शाईचे, एकाच कोनातले, वर लगेच ओळखलं. आमचीच चूक, दुसऱ्याला काय बोलणार. तेव्हा सभा होळीला लावा, किंवा भात-नागलीची लावणी संपल्यावर पोळ्याच्या आसपास, जेव्हा पाडा घरी असतो. हजेरीचं रजिस्टर सभेच्या जागेवरच, बायांची पानं वेगळी, व्हिडिओ पण घ्या.

सभा कुठल्या पातळीवर हे पण बघा. ग्रुप ग्रामपंचायतीत आठ पाडे आणि सभा एकच असेल तर निम्मी माणसं कधीच जमणार नाहीत. कळवण, पेठ, सुरगाणा पूर्ण आणि बाकीच्या तालुक्यातली ठरावीक गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे आणि पाड्याची ग्रामसभा वेगळी होऊ शकते. राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांत पाड्याला वेगळं गाव म्हणून घोषित करून घ्यायची पद्धत दिलीये, ते आधी करून घेतलं तर पुढचं सोपं.

सभेत वनहक्क समिती निवडायची, १० ते १५ जणांची, दोन तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश तरी बाया. कृपा करून बायांची नावं नुसती भरायला टाकू नका, अंगणातला नकाशा ज्यांनी काढला त्यांनाच घ्या.

पडताळणीच्या दिवसाचं पत्र वनविभाग आणि महसूल दोघांना लेखी द्या आणि पोचवर शिक्का घ्या. ही पोच सोन्यासारखी सांभाळा. २०१२ नंतरच्या नियमाप्रमाणे त्यांनी हजर राहायचं असतं आणि पदनाम, तारीख, अभिप्राय घालून सही करायची असते. आले नाहीत आणि नंतर आमच्या गैरहजेरीत झालं म्हणून हरकत घेतली तर दावा फेरपडताळणीला परत ग्रामसभेकडे येतो, आणि तेव्हाही नाही आले तर ग्रामसभेचं म्हणणंच अंतिम. पण खरं सांगू का, बीटगार्डशी, म्हणजे आपल्या भागाच्या वनरक्षकाशी, आधी बोलून ठेवलं तर ही वेळच येत नाही, आमच्याकडे तो आला, सोबत चालला, जंगलाच्या तुकड्यांचे कक्ष क्रमांक त्यानेच सांगितले, दुपारी भाकरी-ठेचा खाऊन सही करून गेला.

फाईलमध्ये मग काय काय, ठराव, हजेरी, सभासदांची यादी, नकाशा, शेजारच्या गावांचं पत्र, म्हाताऱ्यांचे जबाब, फोटो, गाव नकाशा आणि जुने वन रेकॉर्ड जे मिळेल ते. एका पुराव्यावर राहू नका, एकाहून जास्त लागतात. उपग्रहाचा फोटो जोडायला हरकत नाही, पण फक्त त्याच्यात दिसत नाही म्हणून दावा उडवता येत नाही, तो बाकी पुराव्यांना जोड म्हणून असतो. कक्ष नंबर किंवा गट नंबर माहिती नसेल तर रकाना मोकळा चालतो, फॉर्ममध्येच "माहिती असल्यास" असं आहे.

फाईल प्रांताकडच्या उपविभागीय समितीला जाते, तिथून कलेक्टरच्या जिल्हा समितीला. कमी-जास्त केलं किंवा नाकारलं तर कारण लेखी मागा, उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अर्ज करता येतो. आणि वाट बघायला लागते, बरीच लागते, त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं, राखायचं कसं. बरीच गावं अधिकारपत्राचा फोटो स्टेटसला ठेवतात आणि संपलं. आमच्यात पण पहिलं वर्ष असंच गेलं, त्या उन्हाळ्यात डोंगर दोनदा जळाला.

ग्रामसभेने नियम ४ (१) (ई) खाली एक वेगळी समिती करायची, जंगलाच्या व्यवस्थापनाची, तीच पुढे आराखडा करते आणि वनोपजाचे वाहतूक पास पण तीच देते. आराखडा म्हणजे जाडजूड पुस्तक नको. आमचा पहिल्या वर्षी चार पानांचा होता, कुठे काय तोडायचं नाही, कुठे किती वर्ष चराई बंद, पाण्याची कामं कुठे, आगीची पाळी कोणाची.

आगीचं जरा सविस्तर सांगते. वणवा बाहेरचे लावतात असं आपण सगळीकडे म्हणतो, पर्यटक, बिडीवाले, अमके. असतीलही. पण मार्चमध्ये मोहाखालचा पाला कोण जाळतं? आपणच. पहाटे पडलेली फुलं मोकळ्या जमिनीवर लगेच दिसतात म्हणून आदल्या संध्याकाळी काडी लावायची आणि वारा सुटला की गेलं सगळं वर. ह्याच्यावर आम्ही ठराव केला, मोहाखाली काडी नाही, खराट्याने झाडायचं किंवा जुनी लुगडी-जाळी अंथरायची. पहिल्या वर्षी म्हाताऱ्या बाया चिडल्या, झाडायला कंबर कोणाची मोडते. मग ज्यांचं वय झालंय त्यांच्या झाडाखाली पोरांनी झाडून द्यायचं असं ठरलं, आता लुगडीच चालतात, फुलात माती-खडे येत नाहीत म्हणून व्यापारी पण कुरकुर करत नाही.

जाळरेषा, म्हणजे आग अडवायची मोकळी पट्टी, थंडी संपायच्या आत काढून घ्या, रस्त्याच्या आणि शेताच्या बाजूने, पाच-सहा पावलं रुंद, गवत कापून झाडून घ्यायची. ती जाळायची असेल तर बीटगार्डला सांगून, संध्याकाळी, वारा पडल्यावर, दोन्ही बाजूला माणसं उभी करून. आग लागलीच तर तिच्या वरच्या अंगाला उभं राहू नका, आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते, बाजूने आणि मागून मारत यायचं. निरगुडीची किंवा कुठलीही ओली पानाळ फांदी घ्यायची, आणि ती डोक्यावरून आपटायची नाही, ठिणग्या उडतात, दाबून आतल्या बाजूला ओढायची. पोरांना हे दिवसा, विझलेल्या जागेवर करून दाखवा. रात्री धुरात कोणी कोणाचं ऐकत नाही. सिंथेटिक टी-शर्ट घालून जाऊ नका.

राबासाठी, म्हणजे पेरणीआधी रोपांची जागा भाजायला, सादड्याच्या फांद्या तोडतोच आपण, बंद करा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही आणि ऐकू पण नये, पेरायचं काय मग. आमचा नियम एवढाच, शेंडा ठेवायचा, वरचा तिसरा हिस्सा ठेवायचा, आणि ह्या वर्षी छाटलेलं झाड पुढची दोन वर्ष सोडायचं, खोडाला चुन्याची खूण. बांबूचं, ह्या वर्षीचा आणि मागच्या वर्षीचा नवा बांबू बेटात राहू द्यायचा, पावसाळ्यात तोड नाही, कोंब भाजीला घ्या पण एका बेटाचे सगळे नाही. मधाचं पोळं पूर्ण काढायचं नाही, पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा.

गिधाडांचं पण बघा, आपल्या डोंगरात आहेत अजून, हरसूलजवळ खोरीपाड्याला तर त्यांच्यासाठी मेलेली गुरं ठेवायची जागाच आहे. गुराला डायक्लोफेनॅक ह्या दुखण्यावरच्या औषधाचं इंजेक्शन देऊ नका, असं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात, जनावरांसाठी त्याच्यावर २००६ पासून बंदी आहे, तरी माणसांचं औषध घेऊन टोचणारे भेटतात. असं टोचलेलं जनावर मेलं तर उघड्यावर टाकायचं नाही, पुरायचं.

लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची आणि प्राण्यांची वही, तुमच्या पंचायतीत बहुतेक असेल, कपाटात. काढून वाचा एकदा. आमच्यात वाचली तर त्यात चाईचं नावच नव्हतं, आता बाया सांगतात आणि नववीतली पोरगी लिहिते.

शेवटचं कागदाचं. अधिकारपत्र मिळालं की त्याची नोंद सरकारी अभिलेखात झालीये का ते तलाठ्याकडे आणि वनविभागाकडे जाऊन बघा, नसेल तर लेखी मागा. चार झेरॉक्स काढा, एक शाळेत, एक पंचायतीत, एक शेजारच्या पाड्याकडे, एक नाशिकला माझ्या घरी आहे. मूळ कागद मावशीच्या पत्र्याच्या पेटीत असतो, तिघींच्या समोरच पेटी उघडायची असं ठरलंय, आणि कसर लागू नये म्हणून आत निरगुडीचा पाला टाकलाय, तो दर दिवाळीला बदलायचा.